छातीत जळजळ, पोट गच्च आणि शौचाची तक्रार: आजार तीन की एक?

वाचकाचे पत्र (संक्षेपाने)

डॉक्टर, मी 41 वर्षांची असून घणसोलीला राहते आणि ठाण्यातील एका शाळेत सकाळच्या सत्रात शिकवते. तीन वर्षांपूर्वी पावसाळ्यात मला जुलाब-उलट्यांचा जोरदार त्रास झाला. तो आठवड्याभरात थांबला, पण तेव्हापासून पोट पूर्वीसारखे राहिले नाही. चार घास खाल्ले की पोट गच्च होते, करपट ढेकर येतात, रात्री छातीत जळजळते. पोट साफ होत नाही. मधूनच सकाळी कळ येऊन पातळ होते. पहिल्या डॉक्टरांनी ‘गर्ड’ सांगितले, दुसऱ्यांनी एंडोस्कोपी करून ‘सौम्य गॅस्ट्रायटिस’ आणि ‘फंक्शनल डिस्पेप्सिया’, तर तिसऱ्यांनी ‘आयबीएस’. तिघांच्याही गोळ्या चालू आहेत, त्यांची यादी सोबत जोडली आहे. रात्री चूर्ण घेते. पोळी, डाळी, कांदा, लसूण, दूध, फळे सगळे सोडले आहे आणि चार किलो वजन उतरले आहे. अलीकडे पाळीही लांबते, पण ते वयाचे असावे. सासरे आतड्याच्या कर्करोगाने गेले, त्यामुळे धास्ती वाटते. जाऊबाई म्हणतात, सगळे मनाचे आहे. मला खरोखर तीन आजार आहेत, की कुणाचे तरी निदान चुकले आहे? श्रावणी सोमवार करू की नको, हेही कळवावे.

उत्तर

ताई, तुमचे पत्र आणि गोळ्यांची यादी मी काळजीपूर्वक वाचली. तिघांपैकी एकाचेही निदान साफ चुकले आहे असे मला वाटत नाही, आणि तुम्हाला एकमेकांशी संबंध नसलेले तीन आजार जडले आहेत असेही वाटत नाही. प्रत्येक डॉक्टरांनी त्या दिवशी तुम्ही ज्या तक्रारीवर भर दिलात तिला योग्य ते नाव दिले. अडचण पुढे झाली. तीन नावांवरचे तीन उपचार कुणीही एकत्र न पाहता एकावर एक रचले गेले, आणि तुमच्या आजच्या त्रासाचा काही भाग त्या रचनेतूनच येत असावा, असा माझा दाट संशय आहे. तुम्हाला प्रत्यक्ष तपासल्याशिवाय मी शेवटचा शब्द देऊ शकत नाही, पण कोणत्या दिशेने जायचे हे तुमच्या पत्रातून बऱ्यापैकी स्पष्ट होते.

आधी तीन नावांविषयी. जठरातील आम्ल अन्ननलिकेत वर चढून जळजळ होते तेव्हा ‘गर्ड’ म्हणतात. जेवणानंतर पोट नको इतके भरल्यासारखे वाटणे, थोडे खाल्ले तरी पुढचा घास नको होणे, बरगड्यांखाली मध्यभागी दुखणे किंवा जळजळणे, यांपैकी काहीतरी असून एंडोस्कोपीत त्याचे कारण सापडत नाही तेव्हा ‘फंक्शनल डिस्पेप्सिया’ म्हणतात. पोटदुखी शौचाशी जोडलेली असून शौचाची वारंवारता किंवा मळाचे स्वरूप बदललेले असेल तर ‘आयबीएस’. ही विभागणी रोम निकषांची, म्हणजे अशा पोटविकारांच्या निदानासाठी जगभर वापरल्या जाणाऱ्या नियमावलीची आहे. त्यांची चौथी आवृत्ती 2016 मध्ये आली आणि तिच्यानुसार आयबीएस म्हणण्यासाठी गेले तीन महिने आठवड्यातून सरासरी किमान एक दिवस दुखणे आणि त्रासाची सुरुवात किमान सहा महिने आधीची असणे आवश्यक आहे. त्याच आवृत्तीत या सर्व विकारांना आतडे आणि मेंदू यांच्यातील संवादाचे विकार मानले गेले. निदानाच्या सोयीसाठी पोटावर रेघा आखून विभाग पाडले आहेत, परंतु अन्ननलिकेपासून गुदद्वारापर्यंतची नळी एकच आहे, तिच्या भिंतीतील मज्जातंतूंचे जाळे सलग आहे आणि तिच्याकडून येणाऱ्या संवेदनांचा अर्थ लावणारा मेंदूही एकच आहे. त्यामुळे एका रुग्णात दोन-तीन नावे एकत्र येणे हे नेहमीचे आहे. 33 देशांतील पाहणीवर आधारलेल्या आणि 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या रोम फाउंडेशनच्या अभ्यासात इंटरनेटवरून उत्तरे देणाऱ्यांपैकी 40 टक्क्यांहून अधिक लोकांना असा किमान एक विकार होता, आणि त्याच माहितीच्या पुढील विश्लेषणात अशा लोकांपैकी सुमारे एकतृतीयांश लोकांच्या तक्रारी पचनमार्गाच्या एकापेक्षा अधिक भागांत होत्या. तुमचे पोट जगावेगळे वागते आहे, ही भीती एवढ्यावरून तरी मनातून काढावी.

ठाण्याला सिग्नल बिघडला की कल्याणकडे जाणारी गाडीही रखडते आणि पनवेलकडे जाणारीही, आणि दोन फलाटांवरच्या प्रवाशांना आपापली अडचण वेगळी वाटत राहते. तुम्ही तर त्याच स्थानकावर रोज उतरता, म्हणून हे उदाहरण दिले. तुमच्या बाबतीत तो मूळ बिघाड बहुधा तीन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात झाला. जंतुसंसर्गाने झालेल्या जुलाब-उलट्यांनंतर काही लोकांत आयबीएस सुरू होतो, काहींत डिस्पेप्सिया, आणि काहींत दोन्ही. संसर्ग जातो, परंतु आतड्याच्या अस्तरात सौम्य दाह रेंगाळतो, तेथील जिवाणूंचे प्रमाण बदलते आणि संवेदना वाहणारे तंतू अधिक हळवे होतात. मग निरोगी माणसाला जाणवतही नाही इतका वायू किंवा इतके अन्न तुम्हाला दुखण्याच्या पातळीवर जाणवू लागते. जेवताना जठराचा वरचा भाग सैल पडून अन्नाला जागा करून देतो. डिस्पेप्सियाच्या बऱ्याच रुग्णांत हे सैल पडणे अपुरे होते आणि म्हणून चार घासांत पोट गच्च होते. याला ढोंग किंवा लाड म्हणणे अन्यायाचे आहे, कारण हे फरक प्रयोगशाळेत मोजता येतात.

आता कर्करोगाची धास्ती. सासऱ्यांशी तुमचे रक्ताचे नाते नाही, त्यामुळे त्यांच्या आजाराने तुमचा आनुवंशिक धोका वाढत नाही. तुमच्या यजमानांनी मात्र वडिलांना तो आजार कोणत्या वयात झाला ते सांगून, स्वतःची कोलोनोस्कोपी (मोठ्या आतड्याची दुर्बिणीने तपासणी) केव्हा करून घ्यावी हे डॉक्टरांना विचारायला हवे. ही गोष्ट घरात कुणी त्यांना सांगितली आहे का, याविषयी मला शंका आहे. एंडोस्कोपीच्या अहवालातील ‘सौम्य गॅस्ट्रायटिस’ (जठराच्या अस्तराचा किंचित दाह) हे शब्द वाचून तुम्ही घाबरला असाल, पण असा उल्लेख कसलीही तक्रार नसलेल्या लोकांच्या अहवालांतही वरचेवर आढळतो आणि त्याचा तक्रारींच्या तीव्रतेशी फारसा मेळ बसत नाही. त्या वेळी हेलिकोबॅक्टर पायलोरी या जिवाणूची चाचणी झाली होती का, एवढे मात्र पाहा. झाली नसेल तर करून घ्यावी आणि जिवाणू आढळला तर त्यावर पूर्ण उपचार घ्यावेत. त्याने काही रुग्णांची डिस्पेप्सिया कायमची हटते, मात्र सर्वांची हटतेच असे नाही.

चार किलो वजन उतरल्याची गोष्ट मी हलक्यात घेत नाही. तुम्ही पोळी, डाळ, दूध आणि फळे एकाच वेळी सोडलीत, तेव्हा वजन त्यामुळेच उतरले असण्याची शक्यता सर्वांत जास्त आहे. पण आपल्याकडे आतड्याचा क्षयरोग अजून आढळतो, आणि तो सुरुवातीला अगदी आयबीएससारखा भासू शकतो. म्हणून हिमोग्लोबिनसह रक्ताची साधी तपासणी, दाह दाखवणारी सीआरपी चाचणी, थायरॉइडसाठी टीएसएच, गव्हातील ग्लूटेनमुळे उद्भवणाऱ्या सिलिअ‍ॅक आजारासाठी टीटीजी, आतड्यातील दाह दाखवणारी मळातील कॅलप्रोटेक्टिनची चाचणी आणि ओटीपोटासह संपूर्ण पोटाची सोनोग्राफी, एवढे एकदा नीट व्हावे. हे सर्व निर्दोष निघाले तर त्याच तपासण्या दर सहा महिन्यांनी पुन्हा करण्यात अर्थ नाही. उलट प्रत्येक नव्या अहवालाबरोबर धास्ती नव्याने उगवते. मळातून रक्त पडणे, मळ डांबरासारखा काळा होणे, दुखण्याने किंवा जुलाबाने झोपेतून जाग येणे, गिळताना घास अडकणे, सतत उलट्या, संध्याकाळचा बारीक ताप, किंवा पुरेसे खात असूनही वजन घटत राहणे, यांपैकी एकही गोष्ट दिसली तर मात्र पुढच्या भेटीची वाट न पाहता लगेच डॉक्टरांकडे जावे.

तुमच्या गोळ्यांच्या यादीकडे मला सविस्तर यायचे आहे, कारण माझ्या मते सर्वांत महत्त्वाची गोष्ट तेथे दडली आहे. पहिल्या डॉक्टरांच्या कॅप्सूलमध्ये पँटोप्रॅझोल आणि डोम्पेरिडोन आहे. दुसऱ्यांच्या कॅप्सूलमध्ये रॅबेप्रॅझोल आणि लेव्होसल्पिराइड आहे. पाकिटांचा रंग आणि नावे वेगळी असली तरी पँटोप्रॅझोल आणि रॅबेप्रॅझोल ही एकाच वर्गातील, आम्ल कमी करणारी औषधे आहेत, आणि डोम्पेरिडोन व लेव्होसल्पिराइड ही दोन्ही जठराची हालचाल वाढवणारी आहेत. म्हणजे तुम्ही नकळत दोन्ही प्रकारांची दुहेरी मात्रा घेत आहात. तिसऱ्या डॉक्टरांच्या, कळ येईल तेव्हा घ्यायच्या गोळीत डायसायक्लोमिन आहे. ते आतड्याची मुरड सैल करते, पण जठर रिकामे होण्याचा वेगही मंदावते, बद्धकोष्ठ वाढवते आणि अन्ननलिकेच्या खालची झडप ढिली करून जळजळीला वाट मोकळी करून देते. एक औषध जठराला पुढे ढकलते आहे आणि दुसरे त्याला थोपवते आहे. ज्या रुग्णाच्या तक्रारी पोटाच्या एकाच भागात असतात त्याला अशी गोळी सहज चालून जाते, पण जिच्या तक्रारी वरही आहेत आणि खालीही, तिच्या बाबतीत एका टोकाचे औषध दुसऱ्या टोकाला बाधू शकते, हे लक्षात घेऊनच औषध निवडावे लागते. पुदिन्याच्या तेलाच्या कॅप्सूललाही हेच लागू पडते: आयबीएसच्या कळांना त्यांनी आराम मिळतो, पण काहींची छातीतली जळजळ वाढते.

आणि आता पाळीविषयी. तुम्ही ती पत्रात शेवटी, जाता जाता लिहिलीत, मी मात्र तिथेच थांबलो. लेव्होसल्पिराइड आणि डोम्पेरिडोन ही दोन्ही औषधे रक्तातील प्रोलॅक्टिन या संप्रेरकाचे प्रमाण वाढवतात. ते वाढले की पाळी लांबते किंवा थांबते, आणि काही स्त्रियांना स्तनातून दुधासारखा स्राव येतो. लेव्होसल्पिराइड दीर्घकाळ घेतल्यास हातांना कंप, अंग आखडल्यासारखे वाटणे किंवा उदासपणा अशा तक्रारीही उद्भवू शकतात. डोम्पेरिडोनचा हृदयाच्या ठोक्यांच्या लयीवर परिणाम होऊ शकतो, आणि म्हणूनच युरोपातील औषध नियामक संस्थेने 2014 मध्ये ते केवळ मळमळ-उलटीसाठी, कमी मात्रेत आणि साधारण एका आठवड्यापुरतेच वापरावे असे ठरवले. पाळी लांबण्याचे कारण वय असू शकते, थायरॉइड असू शकते, गर्भधारणेची शक्यताही आधी चाचणी करून बाजूला ठेवावी लागते. पण या गोळ्या चालू असताना ‘वयाचे असावे’ म्हणून सोडून देणे योग्य नाही. प्रोलॅक्टिनची रक्तचाचणी सोपी आहे, ती टीएसएचबरोबरच होईल. आणि थायरॉइड मंदावलेले निघाले तर पाळी आणि बद्धकोष्ठ या दोन्हींचा उलगडा एकाच धाग्याने होईल.

मात्र हे वाचून आजच सगळ्या गोळ्या कचऱ्यात टाकू नका. आम्ल कमी करणारी औषधे बरेच महिने घेऊन अचानक थांबवली की जठर काही आठवडे पूर्वीपेक्षाही जास्त आम्ल तयार करते, जळजळ उसळून येते आणि माणसाला वाटते की आपल्याला ही गोळी जन्मभर लागणार. एका डॉक्टरांना, मग ते तुमचे कुटुंबाचे डॉक्टर असोत वा पोटविकारतज्ज्ञ, सर्व पाकिटे घेऊन जाऊन भेटा, आणि ‘यांतील काय कमी करता येईल’ असा सरळ प्रश्न विचारा. बहुधा आम्लाचे एकच औषध राहील. ते जेवणाआधी सुमारे अर्धा तास घ्यायचे असते. तुम्ही लिहिल्याप्रमाणे रात्री झोपताना घेतल्यास त्याचा बराचसा उपयोग वाया जातो. योग्य वेळी, योग्य मात्रेत दोन महिने घेऊनही जळजळ जराही हलली नाही तर आणखी मोठी मात्रा मागण्याऐवजी, आम्ल खरोखर वर चढते आहे का हे 24 तासांच्या पीएच तपासणीने पाहावे लागते. अन्ननलिका केवळ हळवी झालेली असते तेव्हाही हुबेहूब तशीच जळजळ होते, आणि तिचा उपचार वेगळा असतो. खर्चाची अडचण असेल तर मुंबईत केईएम, सायन आणि नायर या सार्वजनिक रुग्णालयांत पोटविकारांचे स्वतंत्र विभाग आहेत. एकाच ठिकाणी, एकच कागद धरून जावे, हे मला अधिक महत्त्वाचे वाटते.

शौचाच्या तक्रारीकडे येतो. तुम्ही लिहिता की पाच वाजता उठून, चहा घेऊन, डबे भरून सहाच्या सुमाराची गाडी गाठता. घरी तेवढा वेळ नसतो, लोकलमध्ये शौचालय नसते आणि शाळेत तास सोडून जाणे प्रशस्त वाटत नाही, म्हणून जोर आला तरी दाबून ठेवता. सकाळच्या सत्रातील किती शिक्षिकांची हीच कहाणी असेल, याचा शाळांच्या व्यवस्थापनाने गांभीर्याने विचार करायला हवा. तुमच्या सर्व तक्रारींचा दुवा मला येथे दिसतो. निरोगी स्वयंसेवकांना काही दिवस मुद्दाम शौच रोखून धरायला सांगितले असता त्यांचे जठर रिकामे होण्याचा वेग मंदावला, असे प्रयोगात आढळले आहे. खालचे दार बंद राहिले की वरचा मजला तुंबतो. जठरात अन्न रेंगाळले की पोट गच्च वाटते, ढेकर येतात आणि आम्ल वर यायला वाव मिळतो. तेव्हा तुमच्या डिस्पेप्सियाचा आणि जळजळीचाही एक उपचार शौचालयात आहे, असे मी म्हटले तर ते अतिशयोक्त मानू नका.

रात्रीचे चूर्ण येथे घोटाळा करते. पाकिटामागील घटक वाचा; त्यात बहुधा सोनामुखी असेल. सोनामुखी मोठ्या आतड्याला चेतवून मळ पुढे ढकलते, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी येणारी कळ व पातळ शौच हा बऱ्याचदा तिचाच परिणाम असतो. त्यावर तुम्ही डायसायक्लोमिन घेता, त्याने पुन्हा दोन दिवस अवरोध होतो, मग पुन्हा चूर्ण. बद्धकोष्ठ आणि जुलाब आलटून पालटून होणारा आयबीएस असे तुमच्या कागदावर लिहिले आहे, परंतु आयबीएसचा उपप्रकार ठरवताना औषधांचा अंमल नसलेल्या दिवसांतील मळाचे स्वरूप धरायचे असते. चूर्ण आणि गोळी दोन्ही थांबवल्यावर तुमचा आजार केवळ बद्धकोष्ठाच्या प्रकारचा निघाला तर मला आश्चर्य वाटणार नाही, आणि तसे निघाले तर उपचार पुष्कळ सोपा होतो.

त्याऐवजी इसबगोलने सुरुवात करावी. पहिला आठवडा रात्री एक चहाचा चमचा, भरपूर पाणी घालून लगेच प्यावा, मग सोसेल तसा हळूहळू दोन-तीन चमच्यांपर्यंत वाढवावा; एकदम वाढवल्यास पोट फुगते आणि लोक ‘सोसत नाही’ म्हणून सोडून देतात. तेवढ्याने भागले नाही तर डॉक्टर पॉलिइथिलिन ग्लायकॉलची पूड देतील. ती मळात पाणी धरून ठेवते आणि सोनामुखीसारखी मुरड सहसा आणत नाही. सकाळी नुसत्या चहाऐवजी त्याबरोबर काहीतरी खावे, कारण जठरात अन्न पडले की मोठ्या आतड्याला हालचालीचा संदेश जातो आणि ही लाट न्याहारीनंतर सर्वांत जोरकस असते. त्यानंतरची दहा मिनिटे स्वतःसाठी राखून ठेवा. त्यासाठी डब्याचे काम घरातील दुसऱ्या कुणी उचलावे, हे मी तुमच्या वतीने येथे लिहितो आहे, ते पत्र वाचणाऱ्या घरच्यांसाठीही आहे. कमोड असेल तर पायांखाली पाट ठेवून गुडघे कमरेच्या वर येतील असे बसावे आणि कुंथू नये. महिना-दीड महिना हे नीट करूनही शौच अर्धवट राहते असे वाटत असेल, फार कुंथावे लागत असेल किंवा बोटाची मदत घ्यावी लागत असेल, तर संकोच न करता डॉक्टरांना तसे स्पष्ट सांगा. काही स्त्रियांत शौचाच्या वेळी सैल पडायला हवेत ते ओटीपोटाच्या तळाचे स्नायू उलट आवळले जातात. मॅनोमेट्री या तपासणीत हे कळते आणि बायोफीडबॅकच्या, म्हणजे स्नायूंची हालचाल पडद्यावर पाहत ते सैल सोडायला शिकण्याच्या सरावाने ते बरेचदा सुधारते. पोट साफ करणारी औषधे तेथे फारशी उपयोगी पडत नाहीत.

खाण्याविषयी माझे पहिले सांगणे असे की आता आणखी काहीही सोडू नका. गहू, कांदा, लसूण, कडधान्ये, दूध आणि काही फळे यांतील विशिष्ट शर्करा लहान आतड्यात नीट शोषल्या जात नाहीत, मोठ्या आतड्यात आंबतात आणि वायू करतात, हे खरे आहे. ऑस्ट्रेलियातील मोनॅश विद्यापीठाने यावरूनच ‘लो फॉडमॅप’ आहार विकसित केला. पण त्या आहाराचा पहिला, कडक टप्पा दोन ते सहा आठवड्यांचाच असतो, आणि त्यानंतर एकेक पदार्थ परत आणून कोणता बाधतो ते पाहायचे असते. आपल्याकडे लोक पहिल्या टप्प्यातच वर्षानुवर्षे अडकून पडतात, आणि तुमचेही तेच झाले आहे. तीन-तीन दिवसांच्या अंतराने एक पदार्थ परत आणा: आधी भिजवून पाणी फेकून शिजवलेली मूगडाळ, मग अर्धी पोळी, मग थोडे दही. भाताबरोबर ज्वारीची किंवा नाचणीची भाकरी चालते का पाहा. लसणातील त्रासदायक शर्करा पाण्यात विरघळते पण तेलात उतरत नाही, म्हणून फोडणीत अख्ख्या पाकळ्या परतून काढून टाकल्या तर आमटीला वास राहतो आणि बहुतेकांना त्रास होत नाही; हिंगालाही हरकत नाही. तुमच्या गच्चपणाला मात्र कांद्यापेक्षा तेल-तुपाचे प्रमाण आणि एका वेळचे जेवण अधिक जबाबदार असू शकते, कारण स्निग्ध पदार्थांनी जठर सावकाश रिकामे होते. थोडे थोडे चार-पाच वेळा खावे. रात्री साडेदहाला जेवून अकराला आडवे होण्याची जी पद्धत तुम्ही लिहिली आहे ती जळजळीसाठी सर्वांत वाईट आहे. जेवण आणि झोप यांत तीन तासांचे अंतर ठेवता आले तर ती गोळीइतकीच कामाची गोष्ट आहे, आणि डाव्या कुशीवर झोपण्याने त्यात भर पडते.

जाऊबाईंच्या बोलण्याचे तुम्हाला वाईट वाटले हे पत्रातून कळते. त्यांना असे सांगा की मनाचा पोटावर परिणाम होतो तसा पोटाचाही मनावर होतो. ऑस्ट्रेलियात 12 वर्षे चाललेल्या एका पाहणीत काही लोकांना आधी चिंता होती आणि मागाहून पोटाचा विकार जडला, तर काहींना आधी पोटाचा विकार होता आणि चिंता त्यानंतर आली. म्हणून उद्या एखाद्या डॉक्टरांनी तुम्हाला अल्प मात्रेतील ॲमिट्रिप्टिलिन सुचवले तर ‘मला वेडाची गोळी दिली’ असा अर्थ कृपया काढू नका. त्या मात्रेत ते आतड्याकडून मेंदूकडे जाणाऱ्या दुखण्याच्या संवेदना सौम्य करते; 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधील एका मोठ्या चाचणीत आयबीएसच्या रुग्णांना रोज 10 ते 30 मिलिग्रॅम ॲमिट्रिप्टिलिनचा निश्चित उपयोग झाला, आणि त्याआधी डिस्पेप्सियाच्या, विशेषतः दुखणे प्रमुख असलेल्या, रुग्णांनाही ते उपयोगी ठरल्याचे दिसले होते. वरच्या आणि खालच्या अशा दोन्ही तक्रारींवर काम करणारे एकच औषध असणे ही तुमच्यासारख्या रुग्णांच्या दृष्टीने मोठी सोय आहे. फक्त त्याने बद्धकोष्ठ वाढू शकते, म्हणून तुमच्या बाबतीत आधी शौचाचे गणित जमवावे आणि मग गरज उरली तरच त्याचा विचार व्हावा, असे मला वाटते.

डॉक्टरांकडे जाण्यापूर्वी दोन आठवडे एका वहीत रोज लिहा: काय आणि किती वाजता खाल्ले, दुखले ते बेंबीच्या वर की खाली, शौचानंतर ते उतरले की नाही, मळ कडक खड्यांसारखा होता, मऊ होता की पाणीदार, आणि त्या दिवशी चूर्ण किंवा कोणती गोळी घेतली होती. ‘गॅस होतो’ एवढेच सांगितले तर पुन्हा गॅसची गोळी मिळेल; ही वही दाखवली तर तिन्ही निदाने एका नजरेत येतील. तिन्ही तक्रारींपैकी रोजच्या कामात सर्वांत जास्त अडथळा कोणत्या एका तक्रारीचा होतो, तेही ठरवून जा. उपचार तेथून सुरू करायचा असतो, आणि एका वेळी एकच बदल करून तीन-चार आठवडे थांबायचे असते, नाहीतर कशाने बरे वाटले हे कुणालाच कळत नाही.

श्रावणी सोमवारांविषयी. यंदा वजन पूर्ववत होईपर्यंत निर्जळ किंवा कडकडीत उपवास करू नये. एकभुक्त राहून रात्री एकदम भरपेट जेवणे तर तुमच्या जठराला मुळीच मानवणार नाही. सोमवार करायचाच असेल तर दिवसभर चहावर राहू नका. वरीचा भात, उकडलेला बटाटा, ताक असे थोडे थोडे दर तीन तासांनी घ्या. साबुदाण्याची खिचडी शेंगदाणे आणि तूप बेताचे घालून वाटीभरच खा, इसबगोल चुकवू नका आणि उपवास सूर्यास्ताच्या सुमारास सोडा.